द्राक्षवेलीचा हिवाळा : बोर्दो, नाशिक आणि बंगळूर

फळाला नाव देण्याची रीत प्रत्येक भाषेत निराळी असते, आणि त्या रीतीत त्या त्या प्रदेशाचे हवामान पुष्कळदा दडलेले असते. फ्रान्समधील द्राक्षमद्ये ओळखली जातात ती स्थळांच्या नावांनी. बोर्दो हे शहर, तर शॅम्पेन आणि बर्गंडी हे प्रांत. १९३५ साली झालेल्या कायद्याने ही स्थळनामे नियमबद्ध झाली. ठरावीक सीमेच्या आत, ठरावीक जातीच्या वेलींपासून आणि ठरावीक पद्धतीने तयार झालेल्या मद्यालाच ते नाव लावता येते. मराठी बागाईतदार मात्र आपल्या पिकाला काळाचे नाव देतो. संत्री, मोसंबी आणि डाळिंब यांच्या बागांत तो मृग बहार, हस्त बहार व आंबे बहार असे भेद करतो. पहिली दोन नावे नक्षत्रांवरून आलेली, तर तिसरे आंब्याच्या मोहोराच्या काळावरून. द्राक्षबागेची परिभाषाही याच वळणाची आहे. एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी या दोन शब्दांभोवती त्या बागेचे सगळे वर्ष फिरत असते.

या भेदाचे मूळ हवामानात आहे. फ्रान्समध्ये ऋतुचक्र वेलीचे वेळापत्रक आखून देते. माणसाला निवड करावी लागते ती स्थळाची आणि जातीची. दख्खनच्या पठारावर ऋतू वेलीला थांबवत नाहीत, म्हणून वेळापत्रकच माणसाला आखावे लागते. ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्यावाचून नाशिकच्या बागाईतदाराची धास्ती समजत नाही, बंगळूरजवळच्या नंदी डोंगराच्या पायथ्याशी फ्रेंच वेली कशा रुजल्या हेही उमगत नाही, आणि आज खुद्द फ्रान्समध्ये जी चिंता निर्माण झाली आहे तिचाही उलगडा होत नाही.

१. ऋतूंनी आखलेले वर्ष

द्राक्षवेल ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील वनस्पती. तेथे थंडी सुरू होताच तिची पाने गळतात आणि ती सुप्तावस्थेत जाते. वसंतात दैनिक सरासरी तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की डोळे फुटू लागतात. फ्रान्समध्ये हे साधारणतः एप्रिलात घडते. जूनमध्ये फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मण्यांना रंग चढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत शंभर दिवस असा तेथील जुना ठोकताळा आहे. छाटणी हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना होते. वेलीला जागे करण्याचे काम कात्रीकडे नसते. ते सूर्य करतो.

या समान चौकटीत प्रांतोप्रांतीचे भेद बसलेले आहेत. सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावरील बोर्दो अटलांटिक महासागराजवळ आहे. समुद्रामुळे तेथील हिवाळा सौम्य आणि हवा दमट राहते, आणि किनाऱ्यालगतची लांद येथील पाइन वृक्षांची विस्तीर्ण अरण्ये समुद्री वाऱ्याचा जोर मोडतात. पाऊस कोणत्याही महिन्यात येऊ शकतो, म्हणून तेथे एकाच जातीवर भिस्त ठेवत नाहीत. उशिरा पिकणारी काबर्ने सोव्हिन्यों ही जात पाण्याचा निचरा करणाऱ्या, लवकर तापणाऱ्या वाळूगोट्यांच्या जमिनीत लावतात, तर लवकर पिकणारी मेर्लो थंड चिकणमातीतही साधते. एकीचे बिघडले तर दुसरी हात देते.

बर्गंडी समुद्रापासून दूर आहे. तेथे हिवाळा कडक, वसंतात दहिवराचे भय आणि उन्हाळ्यात गारांचे. पिनो न्वार आणि शार्दोने या लवकर पिकणाऱ्या जाती तेथे पूर्वेकडे उतरणाऱ्या टेकड्यांवर लावल्या जातात. सकाळचे ऊन त्यांना लवकर मिळते आणि थंड हवा उतारावरून खाली घरंगळून जाते. शॅम्पेन आणखी उत्तरेला, ४९ अंशांजवळ, म्हणजे द्राक्ष पिकण्याच्या जवळजवळ सीमेवर आहे. द्राक्षे आंबट म्हणून मागे फिरणारा गोष्टीतला कोल्हा तेथे खोटा ठरला नसता. थंडीमुळे मण्यांत साखर कमी व आम्लता अधिक राहते, आणि हीच आम्लता तेथील फेसाळ मद्याचा आधार झाली आहे. दक्षिणेकडे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात ‘मिस्त्राल’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. तो वेली मोडतो, पण पानांवरची ओल वाळवून बुरशीपासून त्यांचे रक्षणही करतो. आल्सासमध्ये व्होज पर्वतरांग पश्चिमेचा पाऊस अडवते. परिणामी तिच्या पूर्वेचे कोलमार हे फ्रान्समधील अत्यंत कमी पावसाच्या शहरांपैकी एक झाले आहे.

माती, उतार, ऊन, वारा आणि पाऊस यांच्या या स्थानिक मेळाला फ्रेंच भाषेत ‘तेरवार’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. मात्र या संकल्पनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : वेलीचे वर्ष सर्वत्र एकाच क्रमाने चालते. हे गृहीतक दख्खनमध्ये टिकत नाही.

२. कात्रीने आणलेला हिवाळा

पर्वताने पाऊस अडवावा आणि पलीकडे द्राक्षे पिकावीत, हा आल्सासचा प्रकार महाराष्ट्रातही दिसतो. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरी येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला निफाड-चांदवडकडे जाताना तो झपाट्याने घटत काहीशे मिलिमीटरांवर येतो. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील द्राक्षबागा पसरल्या आहेत त्या याच पर्जन्यछायेत.

पण साम्य येथेच संपते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. निफाडच्या परिसरात हिवाळ्यातील एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जात असला, तरी वेलीला झोपवण्याइतकी थंडी सलग टिकत नाही. मोकळी सोडल्यास येथील वेल वर्षभर हिरवी राहते, नुसती वाढत जाते आणि फळ कमी-अधिक, अनियमित देते. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी करतात आणि पीक एकदाच घेतात.

एप्रिलच्या सुमारास काढणीनंतर सर्व काड्या एक-दोन डोळ्यांवर खरडून काढतात. हीच खरड छाटणी. तिच्यानंतर जो फुटवा येतो त्यावर फळ अपेक्षित नसते. त्याच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचे घड सूक्ष्म रूपाने तयार व्हायचे असतात. छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत ही सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि तिला भरपूर सूर्यप्रकाश लागतो. एप्रिल-मेचे रखरखीत ऊन माणसाला नकोसे होते, परंतु द्राक्षबागेचे पुढचे वर्ष त्याच उन्हात ठरते. पावसाळी ढग लवकर दाटले तर काड्या वांझ निघतात. पावसाळ्यात काड्या पक्व होतात. ऑक्टोबरात, मान्सून माघारी फिरू लागला की, त्या पक्व काड्या घड असलेल्या डोळ्यापर्यंत राखून छाटतात. ही फळछाटणी किंवा गोडी छाटणी. तेथून एकशे वीस ते एकशे चाळीस दिवसांत द्राक्षे पिकतात.

फ्रान्समध्ये जे काम हिवाळा करतो ते येथे कात्रीला करावे लागते. तेही पुरेसे ठरत नाही, म्हणून डोळे एकसारखे फुटावेत यासाठी काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचा हात द्यावा लागतो. मृग किंवा हस्त बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देण्याची जुनी रीतही याच जातीची आहे. ऋतू आपोआप जी विश्रांती देत नाही ती झाडाला युक्तीने द्यावयाची, हे उष्ण प्रदेशातील बागाईतीचे मूळ सूत्र होय. दख्खनमधील वेलीचा हा स्वभाव जुन्या काळीही नजरेत भरला होता. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या वर्णनात तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येत असल्याची नोंद केली आहे.

३. दोन पावसांचे बंगळूर

द्राक्षे वर्षातून दोनदा घेण्याची रीत आजही प्रत्यक्ष दिसते ती बंगळूरच्या परिसरात. १३ अंश अक्षांशावरील हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. या उंचीमुळे त्याच अक्षांशावरील चेन्नईचा उकाडा तेथे नाही. वर्षातील सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरी तापमानांत बोर्दोमध्ये चौदा-पंधरा अंशांचे अंतर असते. बंगळुरात ते सहा-सात अंशांचेच आहे. दिवसाची लांबीही फारशी बदलत नाही. बोर्दोचा जूनमधील दिवस साडेपंधरा तासांचा, तर बंगळूरचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहूनही थोडा कमी भरतो. वेलीला ऋतूची जाणीव करून देणाऱ्या दोन्ही खुणा, थंडी आणि दिवसाची लांबी, येथे पुसट आहेत.

उष्णतेच्या बेरजेवरून द्राक्षप्रदेशांची वर्गवारी करण्याची एक पद्धत अमेरिन आणि विंकलर या कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी १९४४ साली मांडली. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत रोजचे सरासरी तापमान १० अंशांहून जितके अधिक असेल तितके अंश मिळवत जायचे, अशी ही रीत. तिच्या पाच विभागांपैकी सर्वांत उष्ण विभाग सुमारे २,२०० अंशांपासून सुरू होतो. बंगळूरचे सरासरी तापमान २४ अंशांच्या आसपास धरले, तर रोजचे १४ अंश आणि सात महिन्यांची बेरीज तीन हजारांच्या घरात जाते. या हिशेबाने बंगळुरात मद्याची द्राक्षे पिकूच नयेत. हिशेब चुकलेला नाही; चुकले आहेत ते त्याला लावलेले महिने. येथील मद्यद्राक्षांची छाटणी पावसाळ्याच्या शेवटी होते आणि काढणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. ज्या महिन्यांत कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधील वेली झोपलेल्या असतात त्याच महिन्यांत बंगळूरची वेल फळ देते.

तापमान सौम्य असले तरी पावसाची गोष्ट वेगळी आहे. नाशिकला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात आटोपतो. बंगळूरला मे महिन्यातील वळिवापासून ऑक्टोबरपर्यंत तो येत राहतो; सप्टेंबर हा तेथील सर्वाधिक पावसाचा महिना, आणि त्यानंतर ईशान्य मान्सूनच्या सरीही येतात. कोवळ्या फुटीवर पाऊस म्हणजे केवडा आणि करपा या बुरशीजन्य रोगांना आमंत्रणच. म्हणून या भागात दीर्घकाळ रुळली ती युरोपीय कुळातील नाजूक जात नव्हे. ‘बंगळूर ब्लू’ ही अमेरिकन कुळातील, जाड सालीची, बियांची, गडद जांभळी द्राक्षे येथे मांडवावर वाढतात. केवड्यापासून तीही पूर्ण मुक्त नाही. परंतु करप्याला ती पुष्कळ दाद देत नाही, आणि ठरावीक अंतराने छाटल्यास वर्षातून दोन पिके देते.

या वेलीचे दैव विलक्षण आहे. जाणकार तिला ‘इसाबेला’ या अमेरिकन जातीशी एकरूप मानतात. इसाबेलासह सहा अमेरिकन व संकरित जातींना फ्रान्सने १९३४च्या कायद्याने बंदी घातली. त्यांचा उग्र वास फ्रेंच रुचीला मानवत नव्हता. त्याच द्राक्षाला २०१३ साली भारतात ‘बंगळूर ब्लू’ या नावाने भौगोलिक चिन्हांकन मिळाले. एका हवामानात जे त्याज्य ठरले ते दुसऱ्या हवामानात त्या भूमीची ओळख झाले. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथे १९६७ साली स्थापन झालेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने हाच धागा पुढे नेला. बंगळूर ब्लू आणि ब्लॅक चंपा यांच्या संकरातून तेथे ‘अर्का श्याम’ ही जात निर्माण झाली. हवामान बदलता येत नसेल तर त्याला साजेशी वेल घडवावी, हा त्यामागील विचार होता.

४. उलटा पिकण्याचा क्रम

फ्रेंच वेली मात्र आल्याच. १९८०च्या दशकात कंवल ग्रोव्हर यांनी शॅम्पेनमधील तज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांच्या साहाय्याने निरनिराळ्या ठिकाणी फ्रेंच जातींची चाचणी घेतली, आणि अखेरीस नंदी डोंगराच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरजवळची जमीन निवडली. त्याच दशकात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ मद्य तयार केले. नाशिकमध्ये राजीव समंत यांच्या ‘सुला’चे पहिले मद्य २००० साली बाजारात आले. २०१२ साली ग्रोव्हर यांचा उद्योग नाशिककडील ‘झाम्पा’शी एकत्र झाला, आणि नंदी व नाशिक एका नावाखाली आले.

या सर्वांना एकच अडचण सोडवावी लागली. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकते ते उतरत्या उन्हात. ऑगस्टकडून ऑक्टोबरकडे जाताना रात्री थंड होत जातात, मण्यांतील आम्ल हळूहळू घटते आणि साखर, रंग व सुवास यांना एकमेकांची गाठ घेण्यास अवसर मिळतो. दख्खनमध्ये पिकण्याचा क्रम उलटा आहे. येथे फुलोरा थंडीच्या तोंडावर येतो आणि मणी पक्व होतात ते जानेवारीकडून मार्चकडे, म्हणजे चढत्या उन्हात. उष्ण रात्री मण्यांतील मॅलिक आम्ल लवकर खर्ची पडते. साखर वाढते, पण चव सपाट होण्याचा धोका असतो. काढणीचा दिवस आठवड्याने चुकला तरी फरक पडतो. म्हणून थंड रात्री देणाऱ्या उंच जागा शोधाव्या लागतात आणि घड पहाटेच्या गारव्यात काढावे लागतात. शॅम्पेनमध्ये ऊन कमी पडण्याची भीती असते, नंदीच्या पायथ्याशी ते अधिक होण्याची. वेल तीच, तिच्या सांभाळाचे धोरण मात्र नेमके उलटे.

खाण्याच्या द्राक्षांना ही आम्लता तितकीशी लागत नाही. तासगावच्या थॉम्पसन सीडलेस किंवा तास-ए-गणेश द्राक्षांना चढते ऊन मानवते, आणि त्या कोरड्या उन्हाळ्यातच तेथील बेदाणा तयार होतो. एकच ऋतू एका उद्योगाला अडचणीचा आणि दुसऱ्याला भांडवलासारखा ठरतो.

५. वेळापत्रक मोडते तेव्हा

काळ स्वतः निवडण्याची किंमतही स्वतःच मोजावी लागते. बागलाण भागात काही शेतकरी जुलै-ऑगस्टमध्येच गोडी छाटणी घेतात, कारण डिसेंबर-जानेवारीत आलेल्या द्राक्षांना चांगला भाव मिळतो. त्यासाठी भर पावसात फुलोरा सांभाळण्याचे संकट ते पत्करतात. ऑक्टोबरात छाटणारेही निर्धास्त नसतात. छाटणीनंतर आभाळ भरून राहिले तर कोवळे घड जिरतात, त्यांच्या बाळ्या होतात. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील लांबलेल्या पावसाने नाशिकच्या बागांना असाच फटका दिला. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेल्या गारपिटीने काढणीला आलेले घड झोडपले. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस निफाड परिसरात पुन्हा गारा कोसळल्या. दोन छाटण्यांचा खर्च आणि एकच पीक, अशी ही शेती असल्याने गारांचा अर्धा तासही वर्षभराचे कर्ज अंगावर ठेवून जातो. बंगळूरकडे आणखी एक संकट आले. २००८ साली देवनहळ्ळी येथे विमानतळ सुरू झाला, जमिनीचे भाव चढले आणि बंगळूर ब्लूचे पुष्कळ मांडव इमारतींखाली गेले. तेथे हवामान अनुकूल राहिले, पण वेलीला जागा उरली नाही.

फ्रान्समध्ये ज्याला अढळ मानले होते ते ऋतुचक्रही आता हलू लागले आहे. बर्गंडीतील बोन या गावच्या काढणीच्या तारखा १३५४ सालापासून जुळवता येतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८८ नंतर तेथील काढणी पूर्वीपेक्षा सरासरी १३ दिवस आधी होते. २०२१च्या एप्रिलमध्ये उबेने लवकर फुटलेल्या डोळ्यांवर कडाक्याचे दहिवर पडले आणि अनेक प्रांतांतील पीक गेले. त्याच वर्षी बोर्दोमध्ये पोर्तुगालकडील तूरिगा नासियोनाल यांसारख्या उष्णता सोसणाऱ्या जातींना मर्यादित प्रमाणात परवानगी मिळाली. काही बागांत छाटणी मुद्दाम उशिरा करतात, म्हणजे डोळे उशिरा फुटून दहिवर चुकावे. स्थळावर विसंबलेली द्राक्षविद्या अशा रीतीने काळाचा विचार करू लागली आहे. दख्खनच्या बागाईतदाराला कात्रीचा हा उपयोग नवा नाही.

देवाणघेवाण याआधीही झालेली आहे. अमेरिकेतून आलेल्या केवड्याने फ्रान्समधील बागा ग्रासल्या तेव्हा बोर्दो विद्यापीठातील मिलार्दे यांनी १८८५ साली मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाचा उपाय प्रसिद्ध केला. तेच ‘बोर्डो मिश्रण’ आज मराठी शेतकऱ्याच्या नित्याच्या बोलण्यात आहे. बोर्दो हे त्याच्या लेखी मद्याचे नाव नाही, पावसात बाग वाचवणाऱ्या औषधाचे आहे. उलट दिशेने, नाशिकची द्राक्षे, नाशिक खोऱ्यातील मद्य आणि सांगलीचा बेदाणा यांना आता फ्रेंच रीतीप्रमाणे स्थळाच्या नावाने कायदेशीर संरक्षण मिळाले आहे.

परंतु स्थळाचे नाव लावल्याने त्या स्थळाचे हवामान हाती राहत नाही, हे फ्रान्सचा ताजा अनुभव सांगतो. आणि छाटणीचा दिवस निवडता आला तरी गारांचा दिवस टाळता येत नाही, हे नाशिकचा. यास्तव नंदीच्या पायथ्याशी असो वा निफाडच्या शिवारात, बागेचा विचार करताना कोणती फ्रेंच जात लावावी या प्रश्नाच्या आधी ती कोणत्या महिन्यात फुलेल आणि कोणत्या महिन्यात पिकेल हा प्रश्न विचारावा लागतो. मृग, हस्त आणि आंबे बहार अशी नावे देणाऱ्यांनी तो फार पूर्वीपासून विचारलेला आहे.